शिशाचे चार खिळे

बाबा, आज फळीवरचे डबे घासायला काढले आणि मागून तुमची तंबाखूची डबी निघाली. आतले छपाईचे चारही खिळे तसेच आहेत. एस, टी, ओ, पी. जाड, मथळ्याचे. पोळ्या टाकायच्या सोडून मी हे लिहायला बसली. राग आला की मला लाटणं धरता येत नाही.

रविवारी तुम्ही चुलीजवळ पाट ओढून बसायचे. आई भाकरी थापते आहे, तुम्ही छापखान्यातून लपवून आणलेले खिळे जमिनीवर ओतता आणि म्हणता, "बनव वं माय." मी बनवते. स्टॉप. तेच हलवून पोस्ट. मग स्पॉट, मग पॉट्स. पॉट्स म्हणजे गाडगी, असं तुम्ही सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यात शिजवाले काही छापून आणता का?" तुम्ही खोकला येईपर्यंत हसले. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ओळ उजवीकडून वाचायची, म्हणजे कागदावर सरळ उमटते. तुमचे हात त्यातच मुरलेले, तुम्ही मला तसंच शिकवलं. कागदावर एकदाही उमटवून दाखवलं नाही. काहून नाही दाखवलं?

मग शाळेत इंग्रजी सुरू झालं. कोणाले एखादा शब्द येते का, असं मास्तरांनी विचारलं आणि सगळ्यांत आधी माझा हात वर. मी फळ्याच्या उजव्या बाजूने सुरुवात करून पोस्ट लिहिलं. पी उलटा, एस उलटा. ऐटीत वळून पाहते तर पोरी तोंडात ओढणी कोंबून हसताहेत. मला वाटलं, अजून पाहिजे असेल. स्टॉपही लिहिलं, तसंच. मास्तर म्हणाले, "हे इंग्रजी होय का करणी होय, वं?"

तुम्हाला बोलावलं. तुम्ही दारात उभे, बोटं शाईने काळी. मास्तर म्हणाले, "पोरीचं डोकं उलटं चालते. कशाले वर्षं घालवता?" एक वाक्य पुरलं असतं, बाबा. "मी तिले खिळ्यावरून शिकवलं." पण शाळेची छपाई तुमच्याच मालकाकडे होती, आणि खिळे मालकाचे होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि मास्तरांना म्हणाले, "बरोबर आहे जी. घरी आईले मदत करन."

नोकरी वाचवायची होती, मान्य. पण दुसऱ्या दिवशी खिळे गुपचूप परत ठेवता आले असते. मास्तरांना म्हणता आलं असतं, मी स्वतः बसून सरळ शिकवतो, वर्गात राहू द्या. तुम्ही काहीच केलं नाही. वरून पुढच्या रविवारी तेच खिळे ओतून म्हणाले, "बनव वं माय." लाज नाही वाटली तुम्हाला? मी हात लावला नाही, तर माझ्यावरच रुसले.

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. छापखान्याच्या जागी साड्यांचं दुकान आलं, मालकही गेला. हा कागद घडी करून डबीतच घालते. परवा शेजारची सून विचारत होती, "काकू, तुम्ही शाळा काहून सोडली?" मी म्हटलं, "डोकंच नव्हतं वं मले." खिळ्यांचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.