सून फर्स्ट क्लास आली

गोरखपूर मोहल्ला, जबलपूर
११ फेब्रुवारी २०१८

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

इकडे थंडी ओसरली, मटार स्वस्त झाले, अण्णांचा खोकलाही कमी आहे. फोन सोडून पत्र काहून, म्हणशील. फोनवर बोललं की तुझ्या प्रमोदिनीताईला स्वयंपाकघरातूनही ऐकू जातं!

परवा प्रमोदिनीचा रक्ताचा रिपोर्ट आला. तिच्या फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलेला असतो, हे तू जाणतेसच. त्यामुळे हृदय ताणलं गेलं की रक्तात एक द्रव्य वाढतं. ते मोजून पुढचा अंदाज बांधतात. मागे चारशे होतं, आता अठराशे. आमचे सासरे, अण्णा, पडले जन्माचे हेडमास्तर. आकडा चढला म्हणजे पोरगी पास! "सून फर्स्ट क्लास आली," म्हणत स्वतः जाऊन खोव्याची जलेबी घेऊन आले. शेजारच्या सत्यभामाबाईंनाही वाटली.

मी तोंड उघडणार, तोच प्रमोदिनीनं माझा हात दाबला. जलेबी खाल्ली आणि वर म्हणते, "अण्णा, अजून एक द्या ना." काय बाई आहे ग ही! मला रडू आवरेना, म्हणून मी कांदे चिरायला बसले.

मागाहून विचारलं, "काहून सांगितलं नाही त्यांना?"

"कितीक दिवसांनी हसून राहिले ते, दीदी. हसू द्या ना."

"अन् तुला भीती नाही वाटत?"

"वाटते तर. पण डॉक्टरला मीच म्हटलं, साफ साफ बताइए."

डॉक्टर म्हणाले, एका आकड्यावर निकाल लागत नाही. दुसरं औषध जोडलंय, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. पण लक्षण चांगलं नाही, असंही म्हणाले. हे लिहायला मी मटारापासून सुरुवात केली, बघ.

हल्ली गच्चीचा जिना चढताना ती मधेच बसते आणि वर "इथं हवा छान येते" म्हणते. या घरात मी थोरली जाऊ, पण धीर धरायला तिच्याकडून शिकते आहे. तुझी नवी नोकरी म्हणून तुला कळवायचं नाही, असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं.

तू मे महिन्यात येणार होतीस. मे फार लांब आहे ग. आत्ताच ये. ती रागावेल, रागावू दे. आमच्यासमोर ती रडत नाही. तिला मोकळं रडायला तिचं स्वतःचं माणूस हवं.

तिला दिलेलं वचन मोडून,
तुझी विनताताई