टाकीत पाणी २६ अंश

२ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून ही नोंदवही. कॉलेजच्या जर्नलसारखी रड इथे नाही, फक्त काम. थर्ड सेममध्ये कॉलेजला लाथ मारून या माणसाने पुढे काय केलं, असं उद्या लोक विचारतील. तेव्हा तारखांसकट तोंडावर फेकता आलं पाहिजे.

काम असं: रंगीत माशांच्या दुकानासाठी यंत्र. थंडीत टाकीतला हीटर बंद पडला की मासे जातात आणि मालकाला कळतं दुसऱ्या दिवशी. माझं यंत्र पाण्याचं तापमान मोजणार, फार घसरलं किंवा फार चढलं की बझर वाजवणार. एक सेन्सर, एक चिप, एक डिस्प्ले. पोरखेळ.

मालक म्हणालाय, १४ तारखेला समोर चालवून दाखव, पटलं तर आठही टाक्यांना लावू. बाबांची अट: मालकाला पटलं तर ते कॉलेजचा विषय जन्मात काढणार नाहीत. नाही पटलं तर १६ ला परत थर्ड सेम, दोन वर्षांनी लहान पोरांच्या बाकावर. फॉर्म आजच भरून फ्रिजवर चिकटवलाय. पोटच्या पोरावर इतका अविश्वास!

मालकाची भाची काउंटरवर बसते. तिचा या कामाशी काहीएक संबंध नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
यंत्र चालू झालं. कुठली वायर कुठल्या पिनमध्ये ते झाकणावर मार्करने झोकात लिहिलं: सेन्सर A0, बझर 7. पुढेमागे माझी कंपनी निघाली की हे झाकण काचेत ठेवतील.

किरकोळ बाब: टाकीतला जुनाट काचेचा थर्मामीटर २६ म्हणतो, माझा डिस्प्ले २७.७. मालक चष्म्यावरून बघत म्हणाला, अरे, पावणेदोन अंश जास्त सांगतंय हे. मी म्हटलं, काका, तुमची नळी म्हातारी झालीय. तर म्हणे, बावीस वर्षांत एकदा चुकली नाही ती. बावीस वर्षं एका नळीवर विश्वास! अशा लोकांच्यात राहायचं.

काउंटरवरची ती हसली. नळीलाच हसली असणार.

३ नोव्हेंबर
दोष सापडला. चिपमध्ये खोट आहे. सेन्सरची वायर A0 या पिनमध्ये जाते आणि चिप तिथून आकडा वाचते. मला त्या पिनचा चेहराच आवडेना. वायर उपटली आणि शेजारच्या A1 मध्ये खोचली. धाडस लागतं याला.

कॉलेजातले मल्टिमीटर सर असते तर म्हणाले असते, आधी सप्लाय मोज, मग हात लाव. त्यांना कायम खिशात व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लागतो, बाकीचे लोक रुमाल ठेवतात तसा. आणि आकडा जरा हलला की एकच पालुपद: नॉइज आहे, बाहेरचा कचरा आहे, काढून टाक. दीड वर्ष त्या लॅबमध्ये नॉइज या शब्दापलीकडे काही ऐकलं नाही. मग का नाही सोडणार?

परिणाम जबरदस्त. काल आकडा मुडद्यासारखा २७.७ वर पडून होता. आज ३१, २४, ३८, १९. जीव आला यंत्रात.

४ नोव्हेंबर
जरा जास्तच जीव आलाय. मालक म्हणाला, एका मिनिटात उन्हाळा आणि हिवाळा? मासे तरी सुखी दिसतायत. टोमणे मारायला अक्कल लागत नाही.

प्रोग्राम तीनदा वाचला. निर्दोष आहे, कारण मीच लिहिलाय. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने सेन्सर टाकाऊ दिला. नवा आणला. तोही टाकाऊ. दुकानदाराला जाऊन दोन शब्द सुनावले. त्याने चार सुनावले.

५ नोव्हेंबर, दुपारी
विलक्षण शोध.
ती माशांना खाणं टाकायला आली, टाकीशेजारी ओणवी झाली, तिचा हात वायरपाशी आला आणि आकडा २७ वरून थेट ३३! ती गेली, परत २७. पुन्हा आली, ३४. योगायोग तीनदा होत नाही. मी पाचदा पाहिलं.

शरीराची ऊब म्हणावी तर मी जवळ गेल्यावरही वाढतो आकडा. पण ते साहजिक आहे. मी तेव्हा तिचाच विचार करत असतो.

वहीत नवा रकाना आखला. वेळ, आकडा, ती.

७ नोव्हेंबर
११.१०: ती आली, +६.
१२.४०: ती आली, +५. आज गप्प होती.
४.१५: ती स्वतःहून बोलली! म्हणाली, तुम्ही रोज चार-चार तास इथेच बसता, घरचे काही म्हणत नाहीत का? +८.
काळजी करते. तुम्ही म्हणते. पाणी भरणाऱ्या पोऱ्याला ए शहाण्या म्हणते. म्हणजे मला मान आहे.
५.००: कुरिअरवाला पार्सल ठेवायला टेबलाशी आला, +९. त्याचा शर्ट नायलॉनचा आहे. ही नोंद बाद.

९ नोव्हेंबर
दुकानातलं मांजर, +७. बाद.

१० नोव्हेंबर
जेवताना बाबा म्हणाले, चार दिवस राहिले, झालं का काही? मी ताट सरकवून उठलो. त्यांनी माझी पोळी शांतपणे खाल्ली. आई म्हणाली, अरे, कुणाला तरी विचार की, तुझ्या त्या सरांना विचार. विचार म्हणे! ज्याच्या तोंडावर दार आपटून आलो त्याच्या दारात जाऊ?

मनाशी ठरवलं, उद्या निकाल लावायचाच.

११ नोव्हेंबर
लावला. आकडा नाचतो ना? मग हजार आकड्यांची सरासरी काढायची. सरासरी बत्तीस येते ना? मग ०.८१ ने गुणायचं. तरीही चोवीसच्या खाली किंवा अठ्ठावीसच्या वर जाणारा आकडा आला तर तो खोटा धरून फेकून द्यायचा.

डिस्प्ले: २६.० दगडासारखा. नळीशी तंतोतंत. मालकाला बोलावून दाखवलं. म्हणाला, वा, जमलं म्हणायचं. चष्मा काढून पुसला त्याने. हे असलं इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत नाहीत.

लॅपटॉपवर मात्र मूळ आकडे चालूच ठेवले. जगाला सरासरी पुरे. ११.३०: ती आली, +७.

१३ नोव्हेंबर
उद्या दाखवायचं. झालं की तिला बाजूला घेऊन रकाना दाखवणार. शब्दांची गरजच नाही. एकशे बारा नोंदी आहेत. पुरावा म्हणतात याला.
घरी आल्यावर फ्रिजवरचा फॉर्म काढून ड्रॉवरमध्ये टाकला. बाबांनी परत लावला. आणखी एक चुंबक लावून.

१४ नोव्हेंबर
थोडक्यात लिहितो.
बाबाही आले होते. मालकाने सेन्सर टाकीतून बाहेर काढला आणि सरळ स्वतःच्या वाफाळत्या चहात बुडवला. मला न विचारता. डिस्प्ले: २६.०. बझर गप्प.
मालक म्हणाला, चहा गार झालाय वाटतं माझा. घोट घेतला, तोंड भाजलं.
मी म्हटलं, हे यंत्र पाण्यासाठी आहे, चहासाठी नाही. बाबा छताकडे बघत होते.
मग ती काउंटरवरून उठून आली. झाकण उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, यावर सेन्सर A0 असं तुम्हीच लिहिलंय ना? मग वायर A1 मध्ये का?
मी लॅपटॉप ओढून प्रोग्राम चौथ्यांदा वाचला.
प्रोग्राम पहिल्या दिवसापासून A0 वाचत होता. आणि A0 ला अकरा दिवस काहीच जोडलेलं नव्हतं. मोकळी पिन. कुणाचाही हात जवळ आला की उगाच उड्या मारते. कुणाचाही.
तिनेच वायर परत खोचली. मी पहिल्या दिवसाचा प्रोग्राम चढवला. चहात: ६१, बझर बोंबलला. टाकीत: २७.७.
ती तिथेच उभी राहिली, टाकीवर ओणवी होऊन, बघत. चांगलं मिनिटभर. हात वायरला जवळजवळ लागलेला.
२७.७. २७.७. २७.७.
मालक म्हणाला, अजून पावणेदोन जास्तच आहे रे. माझी नळीच बरी.

१६ नोव्हेंबर, लॅब
शेजारी बसलेला पोरगा मला सर म्हणाला. त्याला वाटलं मी शिकवायला आलोय.
मल्टिमीटर सरांनी दाराचा विषय काढला नाही. यंत्र बघितलं, खिशात हात घातला, सप्लायवर टोकं टेकवली: ४.६९ व्होल्ट. म्हणाले, चिप सप्लायच्या हिशेबाने मोजते, प्रोग्राममध्ये पाच धरलेत ना? ते बदल. बदललं. २७.७ चे झाले २६.०. चाळीस सेकंद लागली. काचेची नळी बरोबर होती.
मग म्हणाले, या दिवसांची नोंदवही असेल तर जर्नल म्हणून चालेल, निदान एक प्रयोग वाचेल. दिली. पानं उलटत सगळं शांतपणे वाचलं. त्या तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?
मी म्हणालो, नॉइज, सर.
म्हणाले, मग काढून टाक आणि उद्या फेअर करून आण.