आधी सही, मग बूट

लोर्ना आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना (दुखऱ्या डाव्याला आधी) नमस्कार. तळ्यावरच्या खोपटात सरपण भरलंस ना? मी ठणठणीत आहे. नोकरीही आहे, निदान हे लिहितोय तोवर तरी. (वर्षातली चौथी. जत्रेतल्या पाळण्याची हकिगत पुन्हा कधीतरी, तिच्यात पोलीस येतात.)

हल्ली डुलुथला मेव्हिसबाईंकडे जाहिराती करतो. कचेरी त्यांच्या घरातच. गिऱ्हाईक म्हणजे तुझे लिंडक्विस्ट! ज्यांच्या बर्फ उपसायच्या यंत्रांच्या दुकानात तू तीस वर्षं गल्ल्यावर बसलीस, तीच पाच भावंडं. पहिला बर्फ पडायच्या आत जाहिरात छापून आली नाही तर मी घरी, असं बाईंनी बजावलंय.

त्यांची रीत तुला ठाऊकच. बैठकीत सगळे म्हणणार, "छान आहे हो, वेगळं आहे." मी खूश. मग निघताना दारात बूट चढवायला बसतात आणि खरं बोलणं तिथं पाऊण तास चालतं. थोरले रोल्फ एक पाय बुटात घालून म्हणतात, "यंत्र जरा आणखी लाल हवं होतं का रे, पोरा?" धाकट्या इंगाबाई म्हणतात, "तेवढा बर्फ काढ बाबा, लोक कंटाळलेत बर्फाला." (बर्फाच्या यंत्राच्या जाहिरातीतून बर्फ काढायचा! काढला.) पुढच्या खेपेला तो परत घालायचा. अशा अकरा खेपा झाल्या. बाराव्या खेपेला मी मुकाट्यानं पहिलंच चित्र पुढं केलं. "वेगळं आहे," म्हणाले, आणि बूट शोधू लागले.

तेव्हा मी हिय्या केला. नवा नियम: आधी सही, मग बूट, आणि सही एकाचीच. आज, सोमवारी, बुटांचे पाचही जोड माझ्या गाडीत कुलूपबंद करून म्हटलं, "सही कोण करणार तेवढं ठरवा." मोज्यांवर बसलेली पाच माणसं दोन तास एकमेकांना कॉफी वाढत राहिली. ताटलीत लिंबाची एकच वडी उरली होती, ती कोणी संपवेना. जो तो तिच्यातली अर्धी घेई. शेवटी मोहरीएवढी उरली, तरी ती तिथंच. मग रोल्फ म्हणाले, "लोर्नाला विचार ना. तिला चाललं तर आम्हाला चाललं." पाचही माना डोलल्या. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत कशावर, तर तुझ्या धाकावर!

म्हणून सहीचा कागद सोबत पाठवतोय, त्यांच्या वतीनं तूच सही कर. एक नाव, एक सही, एक तारीख. यावरून मी तसूभर हटणार नाही. मेव्हिसबाईंनाही सांगितलंय, गिऱ्हाइकाच्या सहीशिवाय यापुढं माझ्या हातून एक ओळ छापली जाणार नाही.

तुझा भाचा,
ओरिन

ता. क. चित्रात काही बदल सुचले तर सही करून झाल्यावर कळव.

आणखी एक ता. क. सोमवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि माझा धीर सुटला. मंगळवारच्या पेपरात जाहिरात आली, बुधवारी बर्फ पडला, दुकानापुढं रांग लागली. बाई खूश आहेत आणि सहीचा कागद मागताहेत. तेव्हा आत्या, तारीख तेवढी सोमवारची घाल.