पाचाच्या साखळीतला सुटलेला मणी

मी, नलिनी एकनाथ धारप, वय ६८ वर्षे, राहणार माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, आमिषही दाखवलेले नाही. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर नुसते "बघू" म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती २००१ साली वारले. आम्हांला मूल नाही. माले येथील बिगरशेती प्लॉट व त्यावरील तीन खोल्यांचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. पुढच्या मोठ्या खोलीत मी १९९८ पासून बालशाळा चालवते.

२. बँकेतील ठेव आणि यजमानांचे घड्याळ माझा पुतण्या निषाद याला द्यावे. तो हिंजवडीत नोकरी करतो. घर त्याला दिलेले नाही. या दिवाळीत तो शाळेच्या खोलीत उभा राहून कोणाला तरी फोनवर सांगत होता, "आत फक्त भंगार आहे, एका टेम्पोत निघेल." मी स्वयंपाकघरात होते, पण माझे कान शाबूत आहेत. तरी घर न देण्याचे कारण ते नव्हे. ते पुढे लिहिले आहे.

३. तो ज्याला भंगार म्हणाला ती माझी मण्यांची कपाटे आहेत. सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची तार म्हणजे दहा, अशा दहा तारा शेजारी शेजारी बांधल्या की शंभराचा चौरस. शिवाय दोनापासून नवापर्यंतच्या रंगीत तारा. पाढा पाठ करण्याआधी मूल चाराच्या तीन तारा मांडते, मोजते आणि बारा म्हणते. ते बारा मग त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. पाचाच्या पाच तारा एकापुढे एक जोडल्या की साखळी होते, आणि तिच्या घड्या घातल्या की चौरस. पाचाचा वर्ग पंचवीस हे सांगावे लागत नाही, ते हाताखालीच तयार होते. हे सारे मणी मी बाजारातून आणून पितळी तारेत स्वतः ओवले. ते गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यावेत. अट एकच: दर सोमवारी मुले येण्याआधी प्रत्येक तारेचे टोक बोटाने चाचपून पाहावे.

४. धोंडाबाई कोंडाजी शेडगे, राहणार माले, या शाळा सुरू झाल्यापासून २००४ पर्यंत माझ्याकडे मदतनीस होत्या. झाडलोट करता करता त्या मुलांजवळ बसू लागल्या. त्यांना लिहितावाचता येत नाही. स्वरदा नावाची एक मुलगी साताच्या पाढ्याला रडायची. धोंडाबाई तिला म्हणाल्या, "रडू नगं. म्हनू बी नगं. नुसतं मांड." चार दिवसांत तिने साताचा चौरस मांडून एकोणपन्नास मणी मोजले. तिच्या आईला मी सांगितले की मी शिकवले. ते माझे लहान खोटे.

५. मोठे खोटे १२ फेब्रुवारी २००४ चे. त्या दिवशी बावधनहून काही पालक शाळा पाहायला येणार होते. तिकडे अशीच शाळा काढायचा त्यांचा विचार होता, आणि ती चालवायचे काम मला हवे होते. सकाळी धोंडाबाई पाचाची साखळी घेऊन आल्या.

"बाई, हिचं त्वांड सुटलंय. आज काढू नगा."

"पाहुण्यांना चौरस दाखवायचाय. एक दिवस चालेल."

"ल्हान पोरं बसत्यात हितं."

"ठेवा तुम्ही तबकात," मी म्हणाले. त्यांनी ठेवली.

अकराच्या सुमारास अपूर्वा नावाच्या मुलीने साखळीच्या घड्या घालायला घेतल्या. पाहुणे वाकून पाहत होते. तार सुटली, मणी घरंगळले. सगळे हसले, मीही हसले. मग लक्षात आले की साडेतीन वर्षांच्या पियूषचा आवाज येत नाही. त्याचे ओठ निळे पडत होते. धोंडाबाईंनी त्याला पालथा घेऊन पाठीवर थापा मारल्या. मणी निघाला नाही. त्यांनीच रस्त्यावर धावत जाऊन दूधवाल्याची जीप थांबवली. पौडच्या डॉक्टरांनी आम्हांला पुण्याला धाडले. चांदणी चौकात गाड्या तुंबल्या होत्या. पोर शिट्टी वाजावी तसा श्वास घेत होते आणि धोंडाबाई त्याचा एकेक श्वास मोठ्याने मोजत होत्या, थांबला तर लगेच कळावे म्हणून. मला तेवढेही सुचले नाही.

मणी फुप्फुसाच्या नळीत गेला होता. दुर्बिणीने काढला. पियूष वाचला, पण नऊ दिवस रुग्णालयात होता. थंडीत त्याचा श्वास अजून वाजतो.

६. पियूषचे वडील जयसिंग हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी चालवतात. आत मणी काढणे चालू असतानाच ते ड्युटी सोडून रुग्णालयात धावत आले आणि तिथेच त्यांनी विचारले, "तुटकी साखळी पोरांम्होरं कुनी ठेवली?"

मी म्हणाले, "धोंडाबाईंनी."

त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. पदराला पोराची उलटी लागलेली. पुढच्या आठवड्यात पालकांच्या सांगण्यावरून मी त्यांना काढून टाकले. शाळा टिकली. त्या आता पौड रस्त्यावरच्या एका ढाब्यावर भांडी घासतात. गावात बारसे असले तर त्यांच्या हातात कोणी मूल देत नाही.

म्हणून माझे घर व जागा मी धोंडाबाईंना देत आहे. शाळा चालवण्याची अट नाही. राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, त्यांची मर्जी. निषादने किंवा इतर कोणी हरकत घेऊ नये. मी उपकार करते आहे असेही कोणी म्हणू नये.

७. हे कलम आज वाढवले आहे. गेल्या रविवारी घराचे सांगायला मी धोंडाबाईंकडे गेले. त्यांनी बसा म्हटले नाही.

"मेल्यावर घर देनार व्हय? आन् तवर मी पोराच्या घशात मणी घालनारीच? न्हाई बाई. तुमी जित्या हायसा तवर जयसिंगला सांगा."

"माझं ऑपरेशन एकदा होऊ दे…"

"त्याच्या आदी."

घर घेणार की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. तीन दिवस मी ते टाळले. काल जयसिंग यांना बोलावले आणि वरची सहा कलमे त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली.

"तवाच का न्हाई बोलला?" त्यांनी विचारले.

"शाळा बंद पडली असती."

"माझं पोरगं आत टेबलावर व्हतं, आन् तुमी शाळेचा इचार करत व्हता."

कागद टेबलावर टाकून ते निघून गेले. आज साक्षीदार म्हणून सही करायला या, असे मी त्यांना सांगितले होते; रात्रभर मला वाटत होते की ते येणार नाहीत. आज सकाळी ते आले, धोंडाबाईंना गाडीत घेऊन. धोंडाबाई बाहेर ओट्यावर बसल्या आहेत, आत येत नाहीत. जयसिंग समोर उभे राहून पेन मागत आहेत, म्हणून इथे थांबते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पौडचे डॉ. दयानंद कुंटे, जे आत्ता इथे हजर आहेत, यांनी करावी.

ठिकाण: माले. शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २००८.

(सही) नलिनी एकनाथ धारप

साक्षीदार १: डॉ. दयानंद कुंटे, पौड. बाईंना मी आत्ता तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. नाडी जलद आहे. (सही)

साक्षीदार २: जयसिंग भिकू वाळंज, माले. सातही कलमं वाचली. बाईंनी माझ्यासमोर सही केली, म्हणून मी करतोय. धोंडाबाई बाहेर हायेत, त्यांना आता सगळं मोठ्यानं वाचून दाखवनार हाय. मी माफ केलं असं या सहीवरून कुनी धरू नये. (सही)