पुरोहिताची दाढ

फ्लॅट बुश, ऑकलंड
रविवार

श्री. रा. रा. जगदीशराव यांस,

मधुकरचा वाकून नमस्कार. (वयाने मी दोन वर्षांनी मोठा, पण तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान, त्यात दातांचे डॉक्टर, तेव्हा वाकणं भाग आहे.) तुमची शुगर, कांचनचे गुडघे आणि गॅलरीतली जास्वंद यांची खुशाली कळवावी. इकडे आम्ही मजेत. आमची सौ. स्नेहलता रोज चार किलोमीटर चालते आणि आल्यावर मला ते सांगते. माझा डावा गाल जरा सुजलाय, पण तो इथल्या वाऱ्याने.

तर मुख्य बातमी अशी की, आमच्या सुनेने इजिप्तची ममी तपासली. श्रुती इथल्या इस्पितळात सीटी स्कॅन काढते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका संग्रहालयाने आपला सव्वीसशे वर्षांपूर्वीचा पुरोहित तिच्याकडे पाठवला. पट्ट्या न सोडता आतलं सगळं दिसतं म्हणे. (त्यालाही उपाशीपोटी बोलावलं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाबा, त्याची आतडी आधीच काढलेली आहेत.) माझं मत पहिल्यापासून विषप्रयोगाचं होतं. राजाचा जवळचा माणूस, मंदिरातलं राजकारण, धाकट्या पुरोहिताचा खुर्चीवर डोळा! मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, मला असल्या गोष्टींचा वास लांबून येतो. पापाटोएटोला भाजी घ्यायला गेलो की दुकानात भेटेल त्या मराठी माणसाला मी हे समजावून सांगत होतो. दोन फार्मसिस्टना आणि एका इंजिनीअरला ते पूर्ण पटलंही होतं.

गुरुवारी जेवताना श्रुतीने निकाल सांगितला. विष नाही, खंजीर नाही. आमटी वाढता वाढता शांतपणे म्हणाली, दाढ. त्या लोकांच्या पिठात जात्याची कच आणि वाळवंटातली रेती यायची. तसली भाकरी खाऊन दात झिजायचे. या गृहस्थाच्या एका दाढेच्या मुळाशी पू झाला, जबड्याच्या हाडाला भोक पडलं आणि तेच रक्तात पसरून बहुधा तो गेला. (शास्त्रज्ञ 'बहुधा' म्हणतात. आमच्या खात्यात हा शब्द कुणी वापरत नसे.) म्हणजे विष होतंच, फक्त घरचं होतं. रक्तवाहिन्यांत चुनाही साठलेला सापडला, पण दाढेने आधी नंबर लावला. मी सहज विचारलं, कुठली दाढ? खालची डावी, म्हणाली.

जगदीशराव, त्या क्षणी माझ्या खालच्या डाव्या दाढेत दोन लवंगा होत्या. तीन आठवडे मी उजव्या बाजूने जेवतोय आणि कुणाला पत्ता नव्हता. पण आमची नात इरावती (वय आठ, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच) माझ्याकडे टक लावून म्हणाली, "आजोबा, यू च्यू लाइक द ममी!" आणि टॉर्च आणायला पळाली. स्नेहलता, चिरंजीव शंतनू, श्रुती आणि टॉर्चवाली, अशी चार डोकी माझ्या तोंडावर वाकली. मी घाबरलो. तुमच्यापाशी काय लपवायचं, मला विमानाची वाटत नाही एवढी भीती दातांच्या डॉक्टरची वाटते. तुमच्या खुर्चीत बसून मी तुमच्याच बोटाला कडकडून चावलो होतो. तो व्रण तुम्ही अजून लग्नकार्यांत लोकांना दाखवता. तेव्हा मी तोंड मिटलं आणि ठोकून दिलं की, निघताना जगदीशरावांनी दाढ तपासली, ठणठणीत आहे म्हणाले आणि वर्षभर कुणालाही हात लावू देऊ नका असं बजावलं.

असो. पत्र फार लांबलं. कांचनला आशीर्वाद, जास्वंदीला पाणी.

आपला,
मधुकर

ता. क. श्रुती तुम्हाला उद्या व्हिडिओ कॉल करून खात्री करून घेणार आहे. तेवढं 'हो, तपासली' म्हणा. हसू नका. बोट दाखवू नका.

ता. क. २ त्या पुरोहिताची दाढ तपासायला सव्वीसशे वर्षं लागली. मलाही घाई नाही.

ता. क. ३ काका, नमस्कार. मी श्रुती. बाबांना पत्राचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, म्हणून त्यांनी ते माझ्याकडेच दिलं आणि वर "वाचू नकोस" म्हणाले. मंगळवारी दहाची अपॉइंटमेंट घेतली आहे. त्या पुरोहिताला कुणी वेळेवर नेलं नाही. बाबांबरोबर आम्ही चौघंही जाणार आहोत. डेंटिस्टला तुमच्या बोटाची हकीकत सांगून ठेवली आहे. दाढ काढावी लागली तर ती इरावतीला शाळेत न्यायची आहे, ममीची म्हणून.