चौथा भला माणूस

ग्रँड आइल, व्हरमाँट
२ मे

चि. आर्मां यास,
अ. उ. आ.

गुडघा बरा आहे, कान तसेच आहेत, म्हणून फोनच्या भानगडीत न पडता लिहितेय. घर विकायचं मी शेवटी ठरवलं. ऑक्टोबरात म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या त्या नव्या घरांत राहायला जाईन. तिथली व्यवस्थापकबाई गोड आहे. मांजर चालेल म्हणाली, पण बंदूक-पिस्तूल दारातसुद्धा चालणार नाही म्हणाली.

मग बाबांच्या रिव्हॉल्व्हरचं काय करू? बाबा गेल्यापासून दर रविवारी चर्चहून आले की मी त्याला तेल लावते, तुला ठाऊकच आहे. आपला चुलतभाऊ राऊल टपून बसलाय. त्याला ते आपल्या खानावळीत हरणाच्या मुंडक्याखाली खिळे मारून बसवायचंय! त्यापेक्षा तूच घे. शनिवारी दुपारच्या फेरीबोटीने येते. डब्यात खाली रिव्हॉल्व्हर आणि वर काकवीची बिस्किटं ठेवीन, म्हणजे वाटेत घरंगळणार नाही.

जेवायला चांगलं काहीतरी कर. तुझ्यावर माझी माया आहेच, ती उकडलेल्या बटाट्यांवर टिकवायला लावू नकोस.

तुझी ताई,
डेल्फीन

प्लॅट्सबर्ग, न्यूयॉर्क
४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अगं बाई, डबा उघड आणि ते आधी बाहेर काढ! तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र बोटीवरच्या तिकीटवाल्याच्या हाती पाठवतोय. तुमच्याकडे कुणी काही विचारत नाही, पण आपल्यामधल्या या तळ्याच्या अलीकडे, न्यूयॉर्कात, कायदा वेगळा आहे. परवाना नसताना ते घेऊन इथे उतरलीस तर थेट तुरुंगात जाशील, आणि बिस्किटं पोलीस खातील.

इथे आधी न्यायाधीशाचा परवाना लागतो. परवाना आला की तुमच्याकडच्या बंदुकीच्या दुकानदाराने इकडच्या दुकानदाराकडे रिव्हॉल्व्हर पाठवायचं. ते कधीतरी माझ्याकडे येईल म्हणून मी हिवाळ्यातच बोटांचे ठसे दिले, बंदूक चालवायच्या शिकवणीला बसलो. आता याच जिल्ह्यातल्या चार जणांनी लिहून द्यायला हवं, की हा माणूस भला आहे आणि याचं डोकं ठिकाणावर असतं. नातेवाईक चालत नाहीत. डॉक्टर, न्हावी आणि फादर मिळाले. फादरांनी जरा विचार करायला वेळ मागितला, तो अपमान मी गिळला.

चौथा काही मिळेना. शेजारी हॉलिस प्रुइट आहे, पण तो यंत्राने बर्फ उडवतो तो सगळा माझ्या दारात. इथे राहायला आल्यापासून चार हिवाळे मी रोज कुंपणापाशी उभं राहून त्याची अक्कल काढतोय. त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ?

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी शनिवारी ये. नुसती बिस्किटं आण.

तुझा,
आर्मां

ग्रँड आइल
११ मे

चि. आर्मां यास,
अ. उ. आ.

शनिवारी तुझ्याकडे बोलायचं टाळलं, कारण बटाटे थंड होत होते. आता लिहिते. चार वर्षांत चार माणसं जोडता आली नाहीत रे तुला? बाबा म्हणायचे तेच खरं, आर्मांचा नेम चांगला, पण बंदुकीआधी तोंड सुटतं.

मुकाट्याने हॉलिसची माफी माग. निम्मी बिस्किटं त्याला दे. सप्टेंबर सरेपर्यंत तुझा परवाना आला नाही, तर राऊलच्या हवाली करण्यावाचून मला गत्यंतर नाही. त्या खिळ्यांचा विचार आला की घास उतरत नाही.

तुझ्या हट्टापेक्षा माझा जीव मोठा समज.

तुझी ताई,
डेल्फीन

प्लॅट्सबर्ग
२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागितली नाही. बिस्किटंही मीच संपवली. पण ऐक तरी!

काल हॉलिस स्वतःच कुंपणाशी आला, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, आता हाणामारी. तर म्हणाला, त्यालाही परवाना हवाय आणि त्यालाही चौथा माणूस मिळत नाहीये. तो दक्षिणेतला, जॉर्जियाचा. तिकडे असलं कुणी विचारत नाही म्हणे. इथे त्याच्याशी रोज न चुकता बोलणारा माणूस म्हणजे मीच!

मग काय, कुंपणावर कागद ठेवून दोघांनी एकमेकांचा भलेपणा लिहिला. मी लिहिलं, की याला बर्फाची दिशा कळत नाही, पण चार वर्षं शिव्या खाऊन याने एकदाही आवाज चढवला नाही. त्याने लिहिलं, की हा माणूस रोज माझ्यावर ओरडतो, हातात लोखंडी फावडं असतं, तरी याने ते कधी उगारलं नाही. पुढे लिहिलं, की गेल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो होतो तेव्हा त्याच फावड्याने याने माझ्या पायऱ्या मोकळ्या केल्या. ओरडतच केल्या.

मला वाटलं होतं, ते कुणी पाहिलं नाही. ताई, वाचून मी हळू आवाजात त्याचे आभार मानले. हॉलिस घाबरला, डॉक्टरला बोलवू का म्हणाला.

आता न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. तोवर तुझी मर्जी राहू दे.

तुझा,
आर्मां

प्लॅट्सबर्ग
१२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवाना आला! हॉलिसचाही आला. न्यायाधीशाने मला विचारलं, अजून ओरडता का? मी म्हटलं, बर्फ पडू द्या, मग सांगतो. तो हसला.

राऊलला म्हणावं, खिळे परत दुकानात दे. एकच गोष्ट जिवाला लागलीय. परवाना एकट्या माझ्या नावाचा आहे. इतकी वर्षं सांभाळलंस तू, आणि माझ्या घरी आलीस तर तुलाच त्याला हात लावता यायचा नाही. हे तुला लिहिताना लाज वाटतेय.

एवढ्यावरून मला परका करू नकोस.

तुझा,
आर्मां

ग्रँड आइल
२१ सप्टेंबर

चि. आर्मां यास,
अ. उ. आ.

काल रिव्हॉल्व्हर दुकानात दिलं. दुकानदाराने खोक्याचं झाकण लावलं तेव्हा मला रडू आलं. तो बिचारा मला खुर्ची आणायला धावला.

तुमच्या राज्यात हात लावता येत नाही ना? मग तूच ते घेऊन इकडे ये. बाबांनी आपल्याला शिकवलं त्या नेमबाजी क्लबची शेड धक्क्यापासून हाकेवर आहे. दर महिन्याचा पहिला रविवार ठरला. हॉलिसलाही आण. तुझ्यावर ओरडायचं कसं, ते त्याला कुणीतरी शिकवायला हवं.

आणि कारण काढून टाळाटाळ करशील, म्हणून सांगून ठेवते. खोक्यात सगळं नीट भरलंय, पण तेलाची बाटली आणि पुसायचं फडकं मी दिलेलं नाही. ते माझ्याकडेच राहील.

वाट बघतेय.

तुझी ताई,
डेल्फीन