खणाखालची मांजर

लाडके धाकटे,

आधी थोरली नात आली पॉलिश पेपर घेऊन, मागून दुसरी रंगाचा डबा मिरवत. घर कसं भरून गेलं म्हणून सांगू! आईचं आरशाचं टेबल घासायला काढलं. हो, तेच. तू मागितलंस तेव्हा मी वाळवीनं खाल्लं म्हणाले होते ना? धडधाकट आहे गं. खण उलटा केला, तर खाली तू लहानपणी खिळ्यानं कोरलेली मांजर!

"आजी, ही कोणी काढली?"

तोंडातून निघून गेलं, "मीच."

"कसली भारी!" म्हणाल्या, आणि मी चक्क लाजले. टेबल लाटलं ते लाटलं, तुझी मांजरही लाटली. तिच्यावर रंग तेवढा लावू दिला नाही. आधी त्यांना खरं सांगते, मगच हे पत्र टाकते. रंगाचा दुसरा हात द्यायला रविवारी येतो म्हणाल्यात.

तुझी खोटारडी,
ताई